बिननावाची हाक

१

घर सोडताना, म्हणजे नुसतं आपलंच नव्हे, लॉज असो, धर्मशाळा असो की पाहुण्यांची खोली, आमच्यात दोन कामं ठरलेली असतात. पहिलं माझं. मी राजशेखर, रेल्वेत गार्ड होतो. सगळी नोकरी गाडीच्या शेपटाला काढली, त्यामुळं सगळ्यांत शेवटी निघायचं आणि मागं वळून बघायचं ही खोड हाडात मुरलेली. नळ बंद, दिवे बंद, चार्जर घेतला, गादीखाली काही राहिलं नाही, एवढं बघूनच मी पाय बाहेर टाकतो.

दुसरं काम माझ्या बायकोचं, नीलम्माचं. सोबत लहान लेकरू असलं की ती उंबऱ्यावर थांबते, खोलीकडं तोंड करते आणि लेकराला तीनदा हाक मारते. लेकरू तिच्या कडेवर असलं तरी. घरी चल, मागं राहू नको, असं म्हणते. कारण काय, तर लहान लेकराचा जीव जिथं रमतो तिथं रेंगाळतो म्हणे. अंग पुढं जातं आणि जीव मागं खेळत बसतो. मग ते लेकरू घरी येऊन अन्न टाकतं, वाळत जातं. मी कैकदा म्हणालो असेन, "अगं, जीव काय छत्री हाय व्हय, विसरायला?" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं, "तुमी तुमचा चार्जर बघा की."

हाक मारायची ती नाव घेऊन, असा त्यातला नियम. आमचा मुलगा शिवयोगी लहान असताना काही अडचण नव्हती. अडचण आली नातीच्या वेळी. शिवयोगी नोकरीला जर्मनीत, लाइपझिग गावात. तिथंच मुलगी झाली, आणि माझ्या आईची, ईरम्माची आठवण म्हणून त्यानं तिचं नाव ठेवलं ईरा. जर्मन लोकांनाही म्हणता येतं म्हणाला. मला तर गहिवरून आलं. नीलम्मा मात्र फोनवर म्हणाली, "आता मी माझ्या नातीला हाक कशी मारू?"

कारण सासूचं नाव सुनेनं घ्यायचं नाही. आई जाऊन इतकी वर्षं झाली, पण नीलम्मानं ते नाव एकदाही तोंडातून काढलं नाही. सोलापुरात आमच्या बाळीवेशीत एक ईरम्मा भाजी घेऊन यायची, तिलाही ही 'ए मेथीवाली' म्हणायची. आम्ही सगळे हसलो. सूनबाई अपेक्षा करमाळ्याची, तिला हे नवीन, ती तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. शेवटी नीलम्मा नातीला 'कूसु' म्हणायला लागली. कूसु म्हणजे कन्नडमध्ये लेकरू.

२

परवाच्या हिवाळ्यात आम्ही दोघं लाइपझिगला जाऊन राहिलो होतो. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला सगळ्यांनी मिळून सोलापूरला यायचं ठरलेलं. तिकिटं काढलेली. निघायच्या आधी शिवयोगी म्हणाला, "अप्पा, जवळच ड्रेस्डेन आहे. दोन दिवस फिरून येऊ. नुसतं घरात बसून काय करताय?"

गेलो. ईरा तेव्हा पाच वर्षांची. स्वभाव विचाराल तर तिखटजाळ, थेट माझ्या आईवर गेलेली. दुधावर साय दिसली की पेला भिरकावणार, बुटाची नाडी दुसऱ्यानं बांधली की सोडून परत स्वतः बांधणार. पण झोप आली की माझ्याजवळ यायची, माझ्या कानाची पाळी दोन बोटांत धरायची आणि ती चोळत चोळत झोपायची. कान लाल व्हायचा माझा. मी कुणाला सांगितलं नाही, पण त्यासाठी मी त्या थंडीत दहा महिनेसुद्धा राहिलो असतो.

शहर देखणं होतं, नाही म्हणत नाही. मधोमध घुमटाचं मोठं चर्च, भोवती चौक, चौकाभोवती रंगीत घरं. चर्चच्या पिवळट दगडांत मधे मधे काळे दगड दिसत होते. मी म्हणालो, "हे काय रे, धूर लागलाय का?"

"काळे ते जुने, अप्पा," शिवयोगी म्हणाला. "युद्धात एका रात्री बॉम्ब पडून सगळं शहर जळालं. मग कितीतरी वर्षांनी ढिगाऱ्यातले दगड वेचून, जिथले तिथं बसवून परत बांधलं. कमी पडले तिथं नवे."

"पण कुठला दगड कुठं होता, हे कुणाला म्हाईत?"

"नकाशे होते, फोटो होते. लोकांनी घरातले जुने फोटो आणून दिले म्हणे. लग्नाची जोडपी चर्चच्या दारात उभी राहायची ना, त्या फोटोंवरून दार कसं होतं ते कळलं."

नीलम्मा शालीतून नाक बाहेर काढून म्हणाली, "आणि जे फोटोत नव्हतं ते?"

शिवयोगी हसला. "ते अंदाजानं, अव्वा."

मला त्या चौकात करमेना. कारण सांगता येईना. बायका-पोरं फिरत होती, गरम खाण्याचा वास सुटला होता, कुणी बाजा वाजवत होतं. मग एका घराच्या दाराशी उभा असताना लक्षात आलं. शिवयोगी म्हणत होता हे तीनशे वर्षांपूर्वीच्या घरासारखं घर. असेल. पण त्याच्या दारातली दगडी पायरी मधे जराही झिजलेली नव्हती. आमच्या सोलापुरात चाळीस वर्षांच्या घराची पायरीसुद्धा मधे खोलगट होते. इथं इतकी दारं, इतक्या पायऱ्या, आणि कुणाचा पाय लागल्याची खूण नाही. जुनेपणाचा नुसता चेहरा होता.

३

राहायची जागा त्याच चौकामागच्या गल्लीत होती, भाड्याचा फ्लॅट. बाहेरून जुनं, आत लिफ्ट. पांढऱ्याशुभ्र भिंती, लाकडी फरशी. झोपायच्या खोलीच्या भिंतीत मात्र एक काळा दगड तसाच उघडा ठेवला होता, बाजूनं नीट चौकट करून. आधीच्या घराचा उरलेला, आठवण म्हणून ठेवलाय, असं शिवयोगी म्हणाला. फार खाली होता, माझ्या गुडघ्याच्या जरा वर. ईरा खाली बसली की तिच्या तोंडासमोर यायचा.

आत गेल्या गेल्या तिनं त्यावर हात ठेवला. "आज्जा, गरम हाय."

"त्यामागून हीटरचा पाइप गेला असेल," शिवयोगी म्हणाला. मीही वाकून हात लावला. खरंच कोमट होता. भिंतीला इकडं तिकडं हात फिरवून बघितला, तर भिंत गार. हीटर समोरच्या खिडकीखाली होता. मी मनात म्हणालो, असेल पाइप. इथल्या प्लंबरनं काय मला विचारून काम केलंय?

दुसऱ्या दिवशी पाऊस आणि बर्फ असं काहीतरी पडायला लागलं, म्हणून दुपारी घरातच बसलो. नीलम्मानं डबा उघडला. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी सोलापूरहून इथवर आणलेली, ती आता संपत आली होती. ईराला कडक भाकरी जीव की प्राण. दुसऱ्यानं तिच्यातला तुकडा मागितला तर चावायला धावायची. त्या दिवशी मी बघितलं, ती भाकरीचे दोन तुकडे करून आत गेली आणि बराच वेळ आली नाही. मी डोकावलो. ती दगडासमोर मांडी घालून बसली होती. एक तुकडा तिच्या हातात, दुसरा दगडाच्या चौकटीवर ठेवलेला.

"कुणाला गं?" मी विचारलं.

"हिला भूक लागलीय."

"हिला म्हणजे?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की एवढं साधं कसं कळत नाही. मग ती दगडाला कान लावून बसली आणि हसली. लेकरं अशी खेळतात, ठाऊक आहे मला. मी परत बाहेर येऊन बसलो आणि टीव्ही लावला. भाषा कळत नव्हती, तरी आवाज मोठा करून ठेवला.

४

निघायच्या सकाळी गाडीची घाई होती. ईरा दगडापासून हलेना. अपेक्षानं ओढलं तर तिनं भोकाड पसरलं. "ती पण येणार! तिला घरी यायचंय!"

"कुणी नाहीये तिथं, बास आता," असं म्हणत अपेक्षानं तिला उचललं आणि लिफ्टनं खाली नेलं. शिवयोगी बॅगा घेऊन मागोमाग. तिचं रडणं खालपर्यंत ऐकू येत होतं.

मी माझी फेरी सुरू केली. नळ, दिवे, गादी. खिडकीतून खाली बघितलं तर चौकडीच्या लाल स्वेटरात ईरा आईचा हात धरून गल्लीत उभी होती, पाय आपटत होती. शिवयोगी टॅक्सीवाल्याशी बोलत होता. मी वळलो. नीलम्मा उंबऱ्यावर उभी, आत तोंड करून.

"बा कूसु," तिनं हाक मारली. "मनीग होगूण बा." म्हणजे, ये लेकरा, आपण घरी जाऊ. मग तेच दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा.

मी म्हणालो, "चल, गाडी चुकंल." ती जागची हलेना. एका हातानं दार उघडं धरून, अंग चोरून बाजूला उभी राहिली. कुणाला तरी वाट द्यावी तशी.

"कुणाची वाट बघतीस?"

आतल्या खोलीत लाकडी फरशीवर पावलं वाजली. लहान, टाचा न टेकता धावणारी. खोलीच्या दारापासून बैठकीत आली, माझ्या अगदी बाजूनं गेली आणि दाराबाहेर थांबली. मला दिसलं काहीच नाही. एवढंच, की माझ्या पायाजवळची हवा जराशी ऊबदार झाली आणि परत गार झाली. वरच्या मजल्यावर कुणी पोर धावलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. आमच्या वर मजला नव्हता, हे मला खाली गेल्यावर आठवलं.

नीलम्मानं दार ओढून घेतलं. तिचा चेहरा अगदी शांत होता. "आली," ती म्हणाली.

आम्ही खाली पोचलो तेव्हा ईराचं रडणं थांबलेलं होतं. गालावर पाणी होतं, पण ती गप्प उभी राहून घरांकडं बघत होती. एकेका घराकडं, नीट, वरपासून खालपर्यंत.

"अगं, किती पटकन शहाणी झाली!" अपेक्षा म्हणाली.

५

परतीच्या गाडीत ती माझ्या शेजारी खिडकीशी बसली. इतर वेळी तिच्या तोंडाचा पट्टा चालू असतो, गाय दिसली, ट्रक दिसला. आज काही नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, "सगळी घरं उभी आहेत."

"मग? घरं काय बसतात व्हय?" मी चेष्टा केली. ती हसली नाही.

थोड्या वेळानं डोळे जड झाले तसा मी सवयीनं वाकलो, कान जवळ केला. तिनं माझ्याकडं बघितलं. मी काय करतोय ते तिला कळलं नाही, हे मला तिच्या डोळ्यांत स्वच्छ दिसलं. मग ती सीटवर उताणी झाली, दोन्ही हात अंगाला चिकटवून सरळ ठेवले, आणि तशीच झोपली. लाइपझिग येईपर्यंत कूस बदलली नाही.

दमली असेल, मी म्हणालो. पण माझा हात सारखा कानाकडं जात होता.

६

सोलापूरला आल्यावर सगळी गल्ली तिला बघायला आली. "काय गुणाची पोर झाली हो!" असं जो तो म्हणायला लागला. खरंच होती. साय असलेलं दूध गटागटा प्यायची. नाडी दुसऱ्यानं बांधली तर पाय पुढं करायची. मागं आली होती तेव्हा हिनंच शेजारच्या मल्लव्वाला चावा घेतला होता, म्हणून मल्लव्वा लांब उभी होती. ईरा तिच्याजवळ गेली आणि वाकून पाया पडली. मल्लव्वाच्या डोळ्यांत पाणी आलं.

एवढ्यात तिला एक नाद लागला. नीलम्माचा फोन घ्यायचा आणि फोटो बघायचे. सकाळ नाही, दुपार नाही. कार्टून लाव म्हटलं तरी नको. एकेक फोटो मोठा करून बघायची, कोपऱ्यातलंसुद्धा. मग काही वेळानं उठून फोटोतल्यासारखं वागायची. मागच्या वेळी इथं झालेल्या वाढदिवसाच्या फोटोत ती जीभ बाहेर काढून उभी आहे; त्या दिवशी संध्याकाळी ती त्याच भिंतीशी गेली, तशीच उभी राहिली आणि जीभ बाहेर काढली. आम्ही हसू म्हणून वाट बघत थांबली.

मी काही अंगारे-धुपारेवाला माणूस नाही. एक दिवस तिला मांडीवर घेतलं आणि सरळ परीक्षाच घेतली. "मागच्या वेळी आपण सिद्धेश्वर तळ्यावर गेलो होतो, तिथं काय खाल्लं गं?"

"कणीस," ती लगेच म्हणाली. "तुझ्या डोक्याला रुमाल होता, पांढरा."

बरोबर. मला इतकं हायसं वाटलं, की मी तिचा मुका घेतला. मग मला आठवलं, हा फोटो आहे फोनमध्ये. कणीस आणि पांढरा रुमाल.

"आणि रुमाल का बांधला होता आज्जानं?"

खरी गोष्ट अशी, की माझ्या डोक्यावर कावळा शिटला होता. ईरा इतकी हसली होती की तिला उचकी लागली, पाणी पाजावं लागलं, आणि पुढं दोन महिने ती मला फोनवर 'कावळा आज्जा' म्हणत होती. हे विसरणारी पोर नव्हे ती.

तिनं विचार केला. माझ्या तोंडाकडं बघत बघत, उत्तर तिथं कुठं दिसतंय का ते शोधत. मग म्हणाली, "ऊन होतं म्हणून."

चांगलं उत्तर होतं. कुणालाही पटलं असतं. मी तिला मांडीवरून खाली ठेवलं आणि गच्चीत जाऊन उभा राहिलो.

७

काहीतरी बिनसलंय, हे घरात सगळ्यांना कळलं होतं. ईराचे कपडे सैल व्हायला लागले. जेवायची व्यवस्थित, ताट पुसून खायची, तरी मनगटं बारीक होत चालली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं ठीक म्हणाले, हवापालट झालीय, होईल बरं. शिवयोगी रिपोर्ट हातात धरून मला तीनतीनदा वाचून दाखवत होता. "बघा की अप्पा, नॉर्मल. सगळं नॉर्मल." त्याचा आवाज चिरका येत होता.

जत्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी भर दुपारी गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. मागच्या वेळी हीच पोर फटाक्यांपुढं नाचली होती. या वेळी दिसेनाशी झाली. अपेक्षाला ती पलंगाखाली सापडली. पोटावर पालथी, दोन्ही अंगठे कानांत, बोटं डोळ्यांवर, आणि तोंड उघडं. रडत नव्हती. माळ संपेपर्यंत तोंड उघडं ठेवून पडून होती, कुणीतरी नीट शिकवल्यासारखी.

अपेक्षा स्वयंपाकघरात आली. मी पाणी पीत होतो, नीलम्मा भाकरी थापत होती. "अप्पा," ती म्हणाली, "तुम्ही तरी मला खरं सांगा. ही माझी ईरा आहे ना?" आणि मटकन खाली बसली. "रात्री मी तिला कुशीत घेते. अंग तिचंच आहे हो. तीळ तिथंच आहे. पण ती माझ्या कुशीत पाहुण्यासारखी झोपते. मी हात काढला तर 'थँक यू' म्हणते."

नीलम्माच्या हातातली भाकरी परातीत तशीच राहिली.

"माझ्यानं झालं," ती म्हणाली. "नाव न घेता हाक मारली मी. लेकरा ये म्हणाले. आपली पोर खेळत बसली तितंच, आणि जी कवाची वाट बघत हुती, ती आली."

"अव्वा, प्लीज," शिवयोगी दारातून म्हणाला. "असलं काही नसतं."

"मग दुसरं काय हाय ते तू सांग," नीलम्मा म्हणाली. त्याच्याकडं रिपोर्टाशिवाय काही नव्हतं. तो तिथंच भिंतीला टेकून रडायला लागला. मोठा झाल्यापासून मी त्याला रडताना बघितलं नव्हतं.

मी म्हणालो, "चल, मी मारतो हाक. माझ्या आईचं नाव, मला कुठं बंदी हाय?"

"न्हाई. बोलावणारी मी. मलाच मारायला पायजे."

"इथनं? ते गाव कुटं, आपण कुटं?"

"मी घरी चल म्हणाले हुते. माझं घर हे हाय. हितनं ऐकू जाईल." तिनं हात धुतले, पदर डोक्यावरून घेतला आणि माझ्या आईच्या फोटोपुढं जाऊन डोकं टेकलं. काय पुटपुटली ते मला कळलं नाही. माफी मागत असावी.

८

आमचं घर वरच्या मजल्यावर आहे, बाहेरून लोखंडी जिना. कुणी मांजर चढलं तरी वाजतो. नीलम्मानं दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या आणि उंबऱ्यावर बाहेर तोंड करून उभी राहिली. ऊन जिन्यावर पडलं होतं. अपेक्षा आणि शिवयोगी भिंतीशी. ईरा माझ्या मांडीवर येऊन बसली होती, आपली आपण. तिचं वजन लागत नव्हतं.

नीलम्माला आवाज फुटेना. ओठ हलले, नाव आलं नाही. संसार सगळा ते नाव न घेता काढलेला. मग एकदम मोठ्यानं, घसा फाटल्यासारखी ओरडली, "ईरा! घरी चल गं!"

अपेक्षानं तोंडात पदर कोंबला. मी मांडीवरच्या पोरीकडं बघितलं. नाव तिचं. हाक तिच्या आजीची. तिनं ओ दिली नाही, आजीकडं बघितलंही नाही. आम्हा सगळ्यांसारखी तीही दाराबाहेर बघत होती. कोण येतंय ते.

"ईरा, मागं राहू नको! घरी चल!"

दुसरी हाक संपली आणि माझ्या मांडीवरची पोर थरथरायला लागली. तिनं माझा सदरा मुठीत धरला. नीलम्मा तिसरीसाठी श्वास घेत असतानाच वळली आणि तिची नजर त्या मुठीवर पडली. इवलीशी मूठ, बोटं पांढरी झालेली. ती आमच्याकडं बघत उभी राहिली, डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, मान नकारार्थी हलत होती. "मला जमत न्हाई हो," ती म्हणाली. "हेबी लेकरूच हाय की."

अपेक्षा किंचाळली, "आई! हाक मारा!"

नीलम्मा तोंडावर हात घेऊन खाली बसली.

मी जन्मभर असल्या गोष्टींची टर उडवली. पण त्या क्षणी मला एकच कळत होतं, की माझी नात कुठंतरी एका गार खोलीत, परक्या गावात, एकटी भिंतीशी बसली आहे, आणि दोन हाका तिला ऐकू गेल्यात. मी मांडीवरच्या पोरीला घट्ट धरलं आणि दाराकडं तोंड करून, होता नव्हता तेवढा जीव लावून ओरडलो, "ईरा! ये बाळा, घरी ये!"

गल्लीतून रिक्षा गेली. कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. मग काही नाही. शिवयोगीनं जिन्यावरून खाली वाकून बघितलं आणि आमच्याकडं वळून मान हलवली. जिना रिकामा होता.

तो तसा उभा असतानाच खालची पहिली पायरी वाजली. मग दुसरी. लहान पाय, दमलेला, एकेक पायरी चढणारा.

"आज्जा," मांडीवरची पोर माझ्या छातीशी तोंड नेऊन म्हणाली. आवाज ईराचाच. "ती आली. आता मी कुठं जाऊ?"

मी तिला सोडलं नाही, आणि जिन्यावरची पावलं वर येत राहिली.